मतपेटीवर नजर कोणाची? ड्रेस्डेन शहराची हकीकत



ड्रेस्डेन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी दोन कारणांनी ऐकलेले असते. एक म्हणजे शेजारच्या माइसेन गावची चिनी मातीची नाजूक भांडी, आणि दुसरे म्हणजे १३ फेब्रुवारी १९४५ ची रात्र, जेव्हा इंग्रज विमानांनी हे शहर जाळून टाकले. मला या शहराविषयी लिहावेसे वाटते ते तिसऱ्याच कारणाने. १९३३ ते १९९० या सत्तावन्न वर्षांत एल्ब नदीकाठच्या या एका शहराने मतदानाचे इतके प्रकार पाहिले, की निवडणूक खरी कोणती आणि खोटी कोणती हे शिकायचे असेल तर दहा देश हिंडण्याची गरज नाही. १९१२ साली तेथे जन्मलेली एखादी बाई वयाच्या एकविसाव्या वर्षी नाझींच्या दहशतीत मत देऊन आली असेल, चौतिसाव्या वर्षी रशियन लष्कराच्या देखरेखीखाली, पुढे चाळीस वर्षे कम्युनिस्ट राजवटीत, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी प्रथमच मोकळेपणाने.

इस्राएलमध्ये काय किंवा मुंबई-ठाण्यात काय, आपल्या लोकांत हल्ली निवडणुकीवरून फार वाद होतात. अमुक देशात लोकशाही आहे म्हणून तेथील निवडणूक चोख, तमुक ठिकाणी नाही म्हणून खोटी, असे आपण चटकन बोलून जातो. पण नावावर जावे तर पूर्व जर्मनीचे नावच मुळी ‘जर्मन लोकशाही प्रजासत्ताक’ असे होते! तेव्हा नाव बाजूला ठेवून मी एकच प्रश्न विचारणार आहे. मतदानाच्या दिवशी सरकारची आणि लोकांची नजर कोणावर होती, मत देणाऱ्यावर की मत मोजणाऱ्यावर?

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीला बर्लिनच्या राइश्टागच्या इमारतीला आग लागली आणि ते निमित्त करून कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, विरोधकांची वर्तमानपत्रे बंद पडली, सभा उधळल्या गेल्या. अशा वातावरणात ५ मार्चला निवडणूक झाली. नाझी पक्षाला देशभरात ४३.९ टक्के मते मिळाली. ही निवडणूक न्याय्य होती असे कोणी म्हणणार नाही. मात्र मते मोजणारी यंत्रणा अजून जुनीच होती, आणि म्हणूनच एवढी दहशत बसवूनही त्यांना निम्मी मते मिळाली नाहीत हे सत्य जगाला कळले. पुढच्या खेपेस असे सत्य कळण्याची सोयच त्यांनी ठेवली नाही.

१२ नोव्हेंबर १९३३ ला परत मतदान झाले तेव्हा इतर पक्ष उरले नव्हते. यादी एकच होती, सरकारी आकडा ९२ टक्के. ‘होय’ असे लिहिलेले बिल्ले लोकांनी छातीवर लावावेत अशी योजना होती, म्हणजे ज्याच्या कोटावर बिल्ला नाही तो माणूस रस्त्यात लगेच ओळखू यावा. २९ मार्च १९३६ च्या मतपत्रिकेवर खूण करण्यासाठी वर्तुळ एकच होते. ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी जागाच छापली नव्हती. आकडा ९८.८ टक्के. १० एप्रिल १९३८ ला ऑस्ट्रिया गिळल्यानंतर जे सार्वमत घेतले त्यात ‘होय’चे वर्तुळ मोठे व ‘नाही’चे लहान होते, आणि आकडा ९९ टक्क्यांच्या वर गेला. आपल्याकडे एखाद्या पोराने परीक्षेत शंभरापैकी नव्याण्णव आणले तर पेढे वाटतात. निवडणुकीत एखाद्याला नव्याण्णव मिळाले तर पोलिसांत वर्दी द्यावी!

त्या १९३६ सालच्या मतदानात ड्रेस्डेनच्या यहुद्यांना मत नव्हते. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि ७ मार्च १९३६ च्या कायद्याने राइश्टागसाठी मत देण्याचा त्यांचा हक्क उरला नाही. या शहरात व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे एक प्राध्यापक राहात. जन्म १८८१ चा, वडील राबाय. स्वतः त्यांनी तरुणपणी प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला होता, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढले होते, पत्नी एव्हा जन्माने यहुदी नव्हती. पण कायद्याने आजी-आजोबा मोजले, माणूस मोजला नाही. १९३५ मध्ये ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील त्यांची नोकरी गेली, पुढे घर गेले, मांजर पाळण्याचीही बंदी आली. या सर्व काळात ते रोज चोरून डायरी लिहीत. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली आणि नाझी काळ दिवसागणिक कसा घट्ट होत गेला हे जगाने त्यांच्या नजरेतून पाहिले.

ड्रेस्डेनचे जुने सिनेगॉग प्रसिद्ध वास्तुशिल्पकार गोटफ्रीड झेम्पर याने बांधले होते. ते १८४० मध्ये उघडले व ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जाळण्यात आले. फेब्रुवारी १९४५ पर्यंत शहरात दोनशेच्या आत यहुदी उरले होते, तेही बहुतेक क्लेम्पेरर यांच्यासारखे, यहुदी नसलेल्या जोडीदारामुळे वाचलेले. १३ फेब्रुवारीला त्यांतील पुष्कळांना छावणीत नेण्याचे हुकूम निघाले. ते हुकूम घरोघर पोहोचविण्याचे काम क्लेम्पेरर यांच्यावरच आले. त्याच रात्री बाँब पडले. गोंधळात त्यांनी कोटावरचा पिवळा तारा काढून टाकला आणि नवरा-बायको शहराबाहेर निसटली.

मी ही हकीकत जरा लांबवून सांगितली, कारण क्लेम्पेरर यांची आणि मतपेटीची गाठ पुन्हा पडावयाची आहे.

युद्ध संपले. ड्रेस्डेन रशियनांच्या भागात आले. २० ऑक्टोबर १९४६ रोजी झाक्सन प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. कम्युनिस्ट आणि समाजवादी यांना एकत्र करून बनविलेला समाजवादी एकता पक्ष रशियनांचा लाडका होता. त्याला छपाईचा कागद, मोटारी, सभागृहे सहज मिळत, आणि इतर दोन पक्षांना पदोपदी अडविले जाई. इतके करूनही त्याला ४९.१ टक्केच मते पडली. म्हणजे १९३३ च्या मार्चसारखेच झाले. शर्यत वाकडी, पण मोजपट्टी बरीचशी सरळ. आणि पुढचा धडाही तोच घेतला गेला. १५ ऑक्टोबर १९५० ला पूर्व जर्मनीच्या पार्लमेंटची, म्हणजे ‘फोल्क्सकामर’ची, पहिली निवडणूक झाली तेव्हा सर्व पक्षांची मिळून एकच यादी होती. कोणाला किती जागा हे मतदानाआधीच ठरलेले. आकडा ९९.७ टक्के.

त्या पार्लमेंटमध्ये सांस्कृतिक संघाचे प्रतिनिधी म्हणून व्हिक्टर क्लेम्पेरर बसले, १९५० पासून १९५८ पर्यंत. ज्या माणसाचा मताचा हक्क एका राजवटीने काढून घेतला, त्यालाच दुसऱ्या राजवटीने नव्याण्णव टक्क्यांच्या यादीत घालून खासदार केले. त्यांना हे उमगत नव्हते असे नाही. नाझींनी भाषा कशी नासविली यावर १९४७ साली पुस्तक लिहिणारा हा मनुष्य, त्याला नव्या राज्याच्या भाषेतही तोच वास येत होता, आणि त्यांच्या नंतरच्या डायऱ्यांत ही शंका वारंवार डोकावते. पण ज्यांनी छावण्या उघडल्या त्यांच्यापासून वाचविणारे लोक हेच, असे त्यांनी मनाशी धरले होते. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण त्यांच्या खासदारकीचे कौतुक करणेही मला जमत नाही. १९६० मध्ये ड्रेस्डेन येथेच ते वारले.

आता या पूर्व जर्मन मतदानाची रीत सांगते, कारण ती आपल्या लोकांना खरी वाटणार नाही. मतदार केंद्रावर जाई, नाव सांगे, हाती यादीचा कागद मिळे. त्यावर फक्त उमेदवारांची नावे, खूण करावयास वर्तुळ नाही, चौकोन नाही. तो कागद घडी घालून पेटीत टाकला की मत ‘होय’ झाले. लोक मतदानाला जाण्याला ‘घडी घालायला जातो’ असेच म्हणत. ‘नाही’ म्हणायचे तर एकेक नाव रेघ मारून खोडावे लागे. त्यासाठी कोपऱ्यात पडद्याचा आडोसा असे, कायद्याप्रमाणे असे. पण खोली ओलांडून त्या आडोशाकडे चालत जाणे हीच साक्ष होती. टेबलामागे बसलेले लोक मान वर करून पाहात. दुपारपर्यंत जो आला नसेल त्याच्या दारावर माणसे येत, आजारी असेल तर मतपेटीच घरी येई. थोडक्यात, शहरातील प्रत्येक डोळा मतदारावर रोखलेला होता.

आणि मोजणी? मजा अशी की कायदा उत्तम होता. घटनेच्या ५४ व्या कलमात मुक्त, सार्वत्रिक, समान व गुप्त मतदान असे शब्द होते. मतमोजणी सर्वांसमक्ष करावी असे निवडणूक कायदा सांगत होता. निवडणुकीचा निकाल खोटा करणे हा फौजदारी कायद्याच्या २११ व्या कलमाखाली गुन्हा होता. चाळीस वर्षे हे शब्द कागदावर पडून राहिले, कारण मोजणी पाहायला जावे असे कोणाच्या मनात येत नव्हते, आणि आले तरी धीर होत नव्हता.

७ मे १९८९ रोजी नगरपालिका व जिल्हा मंडळांच्या निवडणुका झाल्या. त्या वेळी बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन आणि इतर गावांत चर्चच्या आसऱ्याने जमणाऱ्या मंडळींनी एक साधी गोष्ट केली. संध्याकाळी सहा वाजता मतदान संपल्यावर ते दोघे-दोघे, तिघे-तिघे मिळून मतदान केंद्रांत गेले आणि म्हणाले, कायद्याने मोजणी उघडी आहे, आम्ही पाहणार. काही ठिकाणी त्यांना हाकलले, पण अनेक ठिकाणी कायद्याचे पुस्तक पाहून आत घेतले. त्यांनी ‘नाही’ची मते वहीत टिपून घेतली. सरकार केंद्रवार आकडे छापत नसे, विभागाची बेरीज तेवढी छापी. म्हणून या लोकांनी आपापल्या वह्या एकत्र आणून बेरीज केली. त्या रात्री निवडणूक आयोगाचे प्रमुख एगोन क्रेंत्स यांनी दूरदर्शनवर जाहीर केले की ९८.८५ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटले. वह्यांतली बेरीज वेगळेच सांगत होती. कित्येक ठिकाणी पाहिलेल्या मोजक्या केंद्रांतच जितकी ‘नाही’ मते होती, तितकी सरकारने सबंध विभागालाही दाखविली नव्हती.

येथे मला माझ्या जुन्या नोकरीची आठवण येते. ऑपरेशनच्या खोलीत पोट शिवण्यापूर्वी वापरलेले कापसाचे व जाळीचे तुकडे मोजतात. एकटी नर्स मोजत नाही, दोघी मोजतात, आणि मोठ्याने मोजतात. सर्जन कितीही नामांकित असो, आकडा जुळल्याशिवाय पोट बंद होत नाही. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो. एकट्याच्या आकड्यावर जीव टांगायचा नसतो, एवढेच.

विरोधाची मते दडविणे सोपे जावे अशी आणखी एक सोय होती. मतदानाच्या दिवसाआधीच काही खास केंद्रे उघडली जात. ज्यांना रविवारी जमणार नाही त्यांनी तेथे आधी येऊन मत द्यावे. आडोशात जाण्याची इच्छा असणारे पुष्कळ लोक मुद्दाम तेथे जात, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर चुकावी म्हणून. पण त्या पेट्यांची मोजणी पाहणारा कोणी नव्हता. मतदाराला लपता आले, पण मोजणाऱ्यालाही लपता आले.

लोकांनी तक्रारी नोंदविल्या, फिर्यादी केल्या. उत्तर ठरलेले असे, सर्व कायदेशीर झाले आहे. बर्लिनमध्ये दर महिन्याच्या ७ तारखेला या फसवणुकीची आठवण म्हणून लोक चौकात जमू लागले. ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनच्या रेल्वे स्टेशनवर आणि रस्त्यांवर पोलिसांशी चकमकी झाल्या. ८ ऑक्टोबरच्या रात्री प्रागर रस्त्यावर पोलिसांनी वेढलेल्या जमावातून वीस-बावीस माणसे बोलणी करण्यासाठी निवडली गेली, त्यांना ‘वीस जणांचा गट’ हे नाव पडले. दुसऱ्या दिवशी महापौर वोल्फगांग बेर्गहोफर त्यांच्याशी बोलावयास बसले. पूर्व जर्मनीत असे प्रथमच घडत होते. मला ती निवड फार मोलाची वाटते. पोलिसांच्या कड्यात, अंधारात, ना यादी ना पेटी. जमावाने आपल्यातून पुढे केलेली माणसे!

पण हेच बेर्गहोफर मे महिन्यातल्या खोट्या आकड्यांचे भागीदार होते. आणि त्यांच्यावरचे हान्स मोद्रो, ड्रेस्डेन जिल्ह्याचे पक्षप्रमुख, हे तर सबंध देशात सुधारणावादी म्हणून नावाजलेले. नोव्हेंबर १९८९ मध्ये ते पंतप्रधान झाले. म्हणजे ज्यांनी पुढे दार उघडण्यास मदत केली, त्यांनीच मेमध्ये कडी लावली होती. आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्यासारखा खलनायक येथे सापडत नाही. वरून आकडा येई, खालच्याने तो पुरा करावयाचा, आणि प्रत्येक जण म्हणे की दुसरा काय करणार.

जर्मनी एक झाल्यावर ड्रेस्डेनच्या न्यायालयात खटले उभे राहिले. फेब्रुवारी १९९२ मध्ये बेर्गहोफर यांना एक वर्षाची शिक्षा झाली, पण ती तहकूब ठेवण्यात आली, शिवाय दंड झाला. मोद्रो तेव्हा एकत्र जर्मनीच्या पार्लमेंटचे सभासद होते. १९९३ मध्ये त्यांना दोषी ठरविले, पण केवळ ताकीद देऊन सोडले. वरच्या न्यायालयाने ते फारच सौम्य मानून निकाल फिरविला, आणि १९९५ मध्ये नऊ महिन्यांची तहकूब शिक्षा झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते वारले.

या खटल्यांत एक प्रश्न निघाला होता, तो मला फार विचार करावयास लावतो. जी निवडणूक मुळात निवडणूकच नव्हती, जिथे यादी एक आणि निकाल ठरलेला, तिथे खोटे करण्यासारखे होते तरी काय? खोट्या नाण्यातून चांदी चोरली म्हणून शिक्षा कशी करता? वरवर पाहता मुद्दा बिनतोड आहे. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९२ मध्ये तो मान्य केला नाही. पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या कायद्यानेच आकडे बदलणे गुन्हा ठरविले होते, तो गुन्हा घडला, तेव्हा शिक्षा योग्य. मला वाटते, याच्या मागे आणखी एक कारण आहे. ज्या बाईने भर खोलीतून चालत जाऊन एकेक नाव खोडले, तिला त्या राज्यात तेवढेच एक मत होते. तिला सत्ता बदलता येणार नव्हती, पण ‘आम्ही इतके जण आहोत’ हे सांगता येणार होते. तो आकडाच चोरला. शिक्षा मात्र मला हलकी वाटली. आमच्या खात्यात औषधाचा खोटा हिशेब लिहिणाऱ्याची याहून वाईट गत होते.

१८ मार्च १९९० ला फोल्क्सकामरची पहिली आणि शेवटची मोकळी निवडणूक झाली. ९३.४ टक्के लोकांनी मत दिले, आणि या वेळी कोणीही दारावर थाप मारली नव्हती. जुन्या राज्यपक्षाच्या वारसांना १६.४ टक्के मते पडली. म्हणजे दहा महिन्यांपूर्वीचे अठ्ठ्याण्णव कोठे गेले ते दिसले. ६ मे १९९० ला नगरपालिकेचे मतदान पुन्हा झाले आणि वीस जणांच्या गटातले हेर्बर्ट वाग्नर महापौर झाले.

आता आपल्या घराकडे वळते. माझी आजी कुलाबा जिल्ह्यातली, अलिबागच्या बाजूची. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत दिल्याची गोष्ट ती आम्हांला शाळेत जायच्या वयात कितीदा तरी सांगे. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह चिकटविलेले, बैलजोडी वगैरे. अक्षर न येणारी बाईही चिन्ह पाहून कागद टाकी. सुकुमार सेन यांनी उभा केलेला तो कारभार जगात अजोड होता. पण त्यातही सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. पेटी प्रामाणिक असूनही न्याय अपुरा राहू शकतो, तो असा. आणि पेट्या वेगवेगळ्या असल्याने आडोशात एखाद्याने टाकून दिलेला कोरा कागद दुसऱ्याने उचलून आपल्या पेटीत घालण्याचीही सोय होती. पुढे खूण करण्याची पद्धत आली ती त्यामुळेच बरी.

इस्राएलमध्ये आल्यावर मला पहिल्यांदा पेतेक हाती घेताना गंमत वाटली. आडोशामागे ट्रेमध्ये पक्षांच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या, एक उचलायची, पाकिटात घालायची, कल्पीत टाकायची. कोणी दुसऱ्या पक्षाच्या चिठ्ठ्याच पळवितो अशी कुरकुर दर निवडणुकीत असते. पण मोजणी त्याच खोलीत होते, वेगवेगळ्या पक्षांची माणसे एका टेबलाशी बसून करतात, आणि ती एकमेकांवर बरोबर नजर ठेवतात! एप्रिल २०१९ मध्ये एका पक्षाने अरब वस्तीतील केंद्रांत छुपे कॅमेरे पाठविले तेव्हा मला ते रुचले नाही. डोळा मोजणाऱ्यावर हवा. मत द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईवर कॅमेरा लावला की ती ड्रेस्डेनच्या जुन्या खोलीत जाऊन उभी राहते.

भारतात यंत्रे आली. १९८२ मध्ये केरळातील परूर येथे पहिला प्रयोग झाला, तो कायद्यात तरतूद नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केला. मग कायदा झाला, आणि २००४ पासून लोकसभेचे सर्व मतदान यंत्रांवर होते. २०१३ मध्ये न्यायालयानेच सांगितले की कागदी पुरावा हवा, म्हणून आता बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी दिसते. पण सर्व चिठ्ठ्या मोजाव्या ही मागणी २६ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने फेटाळली. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेच्या निकालानंतर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ठरविले की आपल्या गावाचे आकडे पटत नाहीत, ३ डिसेंबरला स्वखर्चाने कागदावर मतदान करून पाहू. जमावबंदीचा हुकूम निघाला, पोलीस आले, बेत सोडावा लागला. विशेष असे की गावकऱ्यांच्या पसंतीचा उमेदवार मतदारसंघात निवडून आलेलाच होता. तरी त्यांना आपल्या गावाचा आकडा पाहावयाचा होता. यंत्रे चोरी करतात असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. गावाने खाजगीत केलेल्या मतदानाला कायद्यात किंमत नाही हेही खरे. पण केंद्रवार आकडे उघड होते म्हणून तर त्यांना शंका घेता आली. ड्रेस्डेनच्या लोकांना ते आकडे वहीत टिपून गोळा करावे लागले होते. मग उरलेली चिठ्ठ्यांची पेटी तेवढी उघडून मोजून दाखविली असती तर पोलिसांचे काम वाचले असते.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने या बाबतीत ३ मार्च २००९ रोजी निकाल दिला आहे. २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी वापरलेली मतदान यंत्रे त्यांनी घटनाबाह्य ठरविली. कारण चोरी झाली असे नव्हे. मत देणे आणि मोजणे यांतील मुख्य पायऱ्या सामान्य नागरिकाला, खास तांत्रिक ज्ञान नसतानाही, खात्रीने पडताळता आल्या पाहिजेत, असे न्यायालय म्हणाले. तेव्हापासून तेथे कागद आणि पेन्सिल.

२३ फेब्रुवारी २०२५ ला जर्मन पार्लमेंटची निवडणूक झाली तेव्हा मी नातेवाइकांकडे ड्रेस्डेनला होते. संध्याकाळी सहा वाजता जवळच्या शाळेतल्या केंद्रात जाऊन भिंतीशी उभी राहिले. मी परक्या देशाची बाई, तरी कोणी अडविले नाही, नाव विचारले नाही. टेबलाभोवती सात-आठ माणसे, फराळापुरत्या भत्त्यावर दिवसभर बसलेली. पेटी टेबलावर पालथी केली. आधी नुसते कागद मोजले आणि यादीवरच्या खुणांशी ताडून पाहिले. मग गठ्ठे लावले, दोन्ही मते एकाच पक्षाची असलेले निराळे, वेगवेगळी असलेले निराळे, संशयाचे बाजूला. एका गठ्ठ्यात एकाने फरक काढला, पुन्हा मोजले. शेवटी प्रमुख बाईने आकडे मोठ्याने वाचून दाखविले. ऐकणारे आम्ही तिघेच होतो.

तेथे सर्व गोड आहे असे मात्र नाही. १ सप्टेंबर २०२४ ला झाक्सन विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा ड्रेस्डेन भागातील काही टपाली मतपत्रिकांवर मूळ खूण झाकून ‘फ्राये झाक्सन’ या अतिउजव्या पक्षापुढे नवी खूण केलेली सापडली. ती मोजणाऱ्यांच्या ध्यानात आली आणि तपास सुरू झाला. कित्येक दिवस कोणाच्या नजरेआड पडून असलेले मत, हे दुखणे १९८९ च्या खास केंद्रांचेच आहे.

त्याच निवडणुकीत दुसरी गडबड झाली. रात्री जाहीर झालेल्या जागावाटपात १२० पैकी ४२ जागा ख्रिश्चन डेमोक्रॅटांना व ४१ जागा आल्टरनाटिव्ह पक्षाला दाखविल्या. एकेचाळीस म्हणजे एक तृतीयांशाहून एक जास्त, इतक्या जागा हाती असल्या की घटनेतला बदल किंवा घटनात्मक न्यायाधीशांची निवड अडवून धरता येते. पण मतांचे आकडे सर्वांपुढे असल्याने जाणकारांनी हिशेब करून पाहिला, आणि २ सप्टेंबरला निवडणूक अधिकाऱ्यांना कबूल करावे लागले की संगणकाने जुन्या पद्धतीने भागाकार केला. जुन्या पद्धतीत पक्षाची मते १, २, ३ ने भागत जातात, आपल्या इस्राएलमध्ये १९७३ पासून चालत आलेली बादेर-ओफेर पद्धत त्याच जातीची, आणि ती मोठ्या पक्षांना झुकते माप देते. झाक्सनच्या नव्या कायद्यात १, ३, ५ ने भागायचे आहे. दुरुस्तीनंतर ४१ आणि ४० झाले, आणि दोन लहान पक्षांना एकेक जागा अधिक मिळाली. मी तो भागाकार कागदावर करून पाहिला. एक दुपार गेली. चाळीसच येतात.